ओढ्यात खडसाचे बीज सोडावे की आधी ओढा सुधारावा?

प्रश्न (भोर तालुका):
नमस्कार. आमचा ओढा नीरेच्या खोऱ्यातला असून त्याच्या उगमाशी जुनी देवराई आहे. लहानपणी गावाखालच्या डोहात हातभर लांबीचे खडस, म्हणजे महासीर, दिसत असत. काही वर्षांपूर्वी पाणी मुरावे म्हणून ओढ्याचे खोलीकरण झाले, तेव्हा पोकलेनने गोटे आणि काठावरचे उंबर-करंज काढून ओढ्याचा सरळ चर केला. पाणी अधिक दिवस टिकते हे खरे, पण मासे गेले. आता मंडळातील मुले वर्गणी काढून बीज, म्हणजे माशांची लहान पिल्ले, सोडणार आहेत. कुणी खडस सुचवतो, कुणी चिलापी (तिलापिया हा परदेशी मासा). आम्ही काय करावे?

उत्तर १:
कृपया आत्ता कोणतेही बीज सोडू नका. खडसाची अंडी वाहत्या पाण्यात गोट्यांच्या फटींमध्ये वाढतात, आणि चराच्या तळाशी गाळ साचला की ती गुदमरतात. सावली गेल्यामुळे पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय पाण्यात पडणारी उंबराची फळे खडस आवडीने खातो, ते अन्नही तुमच्याकडे उरलेले नाही. आधी लहानमोठे गोटे परत टाका, पाण्यालगत वाळुंजाच्या फांद्या रोवा आणि वरच्या अंगाला उंबर, करंज लावा. चिलापी मात्र कधीच नको. ती झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांची जागा व अन्न बळकावते. डासांसाठी सोडले जाणारे गप्पी मासेही परदेशीच आहेत, तेव्हा तेही वाहत्या ओढ्यात सोडू नयेत.

उत्तर २ (महाड):
आमच्याकडे काळ नदीवरील वाळणकोंडात देवीचे मासे म्हणून खडसाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे तिथे ते आजही निर्धास्त फिरतात. परंतु केवळ डोह राखून भागत नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी वर निघतात आणि नेमके तेव्हाच लोक बंधाऱ्याखाली जाळी लावून बसतात. पावसाळ्याचे पहिले दोन महिने मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत अवश्य करून घ्या, आणि बंधाऱ्याला एका अंगाने उताराची, दगड रचलेली वाट ठेवा.

उत्तर ३:
बीज कुठले, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. आपला खडस कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्रीय नावानिशी नोंदवला. लोणावळ्यात पैदास केलेले त्याचेच बीज १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडले गेले आणि तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर मागे पडत गेला. २०१८ पासून त्या कावेरीतल्या महासीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. हेतू संवर्धनाचाच होता, तरी असे झाले याचे मला फार वाईट वाटते. देवराईतल्या पाण्यात काय शिल्लक आहे, ते आधी पाहा.

प्रश्नकर्ता:
आज सकाळी मुलांना घेऊन देवराईत गेलो. दगड हळूच उचलले तर खाली मुऱ्या (तळाशी राहणारे छोटे मासे) होत्या, आणि मुळांच्या सावलीत बोटभर लांबीची, मोठ्या खवल्यांची चार पिल्लेही दिसली. खडसाचीच असावीत. वर्गणी आता रोपांसाठी वापरू. पोकलेनने काढलेल्या गोट्यांचा ढीग अजून काठावरच पडून आहे; रविवारपासून देवराईच्या खालच्या टोकाकडून ते परत ओढ्यात टाकायला सुरुवात करतो.