सारामागोची मरण थांबलेली कादंबरी: अर्धी काळजाला भिडली, अर्धी परकी वाटली

उंबरठा:
जोसे सारामागोची ‘डेथ विथ इंटरप्शन्स’ (मूळ पोर्तुगीज, २००५) परवा रात्री संपवली. एका देशात १ जानेवारीपासून माणसं मरेनाशी होतात. आधी लोक घराघरावर झेंडे लावतात. पण म्हातारपण आणि आजारपण काही थांबलेलं नसतं. दवाखाने भरून वाहतात, आणि विमा कंपन्या ऐंशी वर्षांच्या माणसाला कागदोपत्री मेलेला धरायचं ठरवतात.

आमची आजी पक्षाघातानंतर चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी मी आणि आई तिची कूस बदलायचो, टाचांना खोबरेल लावायचो. एअरबेडच्या पंपाची घरघर रात्रभर चालू. भेटायला येणारा प्रत्येक जण दारात चपला घालताना म्हणायचा, जीव कशात अडकलाय कोण जाणे. कादंबरीत एक कुटुंब मरणपंथाला लागलेल्या आजोबांना आणि एका तान्ह्या बाळाला खेचराच्या गाडीत घालून रात्री सीमेपलीकडे नेतं, कारण तिथे मरण चालू आहे. तिथे मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आणि मग सात महिन्यांनी मृत्यू परत येतो, जांभळ्या पाकिटातून आठवडाभर आधी सूचना धाडतो, आणि गोष्ट एका चेलोवादकाच्या (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) प्रेमाकडे वळते. माझा राग तिथे आहे. त्या खेचराच्या गाडीतली माणसं लेखकाने सोडूनच दिली. तुम्हाला दुसरा भाग कसा वाटला?

बोरूबहाद्दर:
मला दुसराच भाग जास्त आवडला. त्या चेलोवादकाच्या नावाचं पाकीट पुन्हा पुन्हा परत येतं, म्हणून मृत्यू (पुस्तकात ती बाई आहे) स्वतः त्याला बघायला जाते आणि खुर्चीवरची संगीतकार बाखच्या सहाव्या चेलो सुइटची, म्हणजे त्या रचनेच्या स्वरलिपीची, वही पाहते, ते मी दोनदा वाचलं. आपली अडचण भाषेचीही आहे. आपल्याकडे तो मृत्यू, ते मरण. पोर्तुगीजमध्ये ती. तिथल्या वाचकाला ती बाईच्या रूपात आली तर दचकायला होत नसणार.

तेलवात:
मला वाचताना सतत अश्वत्थामा आठवत होता. कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. लहानपणी ते ऐकून भीती वाटायची, आता कीव येते. कुणाला ‘सुटला बिचारा’ म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.
उंबरठा, एक विचारते, रागावू नका. त्या आजोबांनी स्वतःच सांगितलं होतं ना, मला पलीकडे न्या म्हणून?

उंबरठा:
हो, त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर ते पान मला सोडत नाही. आजीची वाचा पहिल्याच दिवशी गेली होती. ‘देवा, सोडव हिला’ हे मीच म्हणायचे, तिची कूस बदलताना, मनातल्या मनात. ती डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरायची. त्याचा अर्थ काय होता हे मी आईलाही कधी विचारलं नाही.