फ्लाइट रिव्ह्यू नुसत्या सहीपुरता उरकायचा नाही, इन्स्ट्रक्टरकडून काय काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत प्रायव्हेट पायलट लायसन्सवर उडतो, विमान भाड्याचं, सेसना १७२ एस. फ्लाइट रिव्ह्यूची (पायलटची इन्स्ट्रक्टरबरोबर ठराविक काळाने होणारी उजळणी-तपासणी) मुदत जवळ येतेय. अमेरिकी विमानवाहतूक नियम (६१.५६) म्हणतो, दर २४ कॅलेंडर महिन्यांत किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. पार्ट ९१ची (उड्डाणाचे सर्वसाधारण नियम) उजळणी सक्तीची, बाकी काय घ्यायचं ते इन्स्ट्रक्टरने ठरवायचं. ही मोकळीक मला नीट वापरायची आहे.

बरेच जण एक-दोन स्टॉल (पंखांची उचल तुटण्याचा सराव), दोन स्टीप टर्न (जास्त कलून घेतलेली वळणं) आणि तीन लँडिंग करून लॉगबुकात सही घेतात. मी माझं लॉगबुक चाळलं तेव्हा लक्षात आलं की जे करतो ते पुन्हा पुन्हा करतो, आणि जे टाळतो ते कुठेच दिसत नाही. आडवा वारा ८ नॉटच्या वर गेला की मी घरीच थांबतो. याच विमानाच्या हँडबुकात १५ नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवल्याची नोंद आहे. एकट्याने थांबणं योग्यच, पण मग हात बसणार कधी? वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं, आणि वेग उतरत जाईल तसं एलरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) सैल न सोडता वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचं, हे मला वाचून नाही, शेजारी कोणी बसलेलं असताना शिकायचंय.

दुसरं म्हणजे इंजिन बंद पडण्याचा सराव. तो नेहमी भरपूर उंचीवर, खाली मोकळं शेत असताना होतो. ६८ नॉट (इंजिनाशिवाय सर्वांत लांब तरंगायचा वेग) धरले की सगळं निवांत. सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या कमी उंचीच्या फेरीत), न सांगता पॉवर काढून घेतली तर?

जाणकारांनी सांगावं: अशी यादी आपणहून इन्स्ट्रक्टरला देणं चालतं का? आणि एका बैठकीत त्यांचं समाधान झालं नाही तर पुढे काय?

प्रतिसाद १
यादी जरूर द्या, आणि आठवडाभर आधी द्या. मी इन्स्ट्रक्टर आहे. समोरचा माणूस कुठे, कशासाठी उडतो हे कळलं तर मला तयारी करता येते. एक भर घाला: बेसवरून (रनवेला काटकोनातला टप्पा) फायनलला (रनवेच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना रनवेची रेषा ओलांडली गेली तर काय कराल? ४५ अंश कललेल्या सपाट वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. त्यात नाक वळवायला रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबला की स्पिनला (गरगरत खाली कोसळण्याला) आमंत्रण, आणि तिथे सावरायला उंची नसते. आधी वर, पुरेशा उंचीवर हे करून बघा. खाली एकच उत्तर: गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रिव्ह्यूत नापास असा प्रकार नाही. समाधान झालं नाही तर ते उड्डाण प्रशिक्षण म्हणून नोंदवतात, एंडोर्समेंट (रिव्ह्यू पूर्ण झाल्याची लॉगबुकातली सही) नंतर. जुन्या रिव्ह्यूची मुदत शिल्लक असेल तोवर तुमचं उडणं थांबत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रतिसाद २
विंग्स या पायलटांच्या सराव कार्यक्रमाचा एक टप्पा पूर्ण केला तरी रिव्ह्यू झाला असं धरतात. तुमच्यासारख्याला तो रस्ता आवडेल, सराव वर्षभर विभागला जातो.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. यादी आजच पाठवतो, आणि तारीख वाऱ्याचा अंदाज बघूनच ठरवू असं सुचवतो. शांत हवेचा दिवस नकोच.