कोजागिरीला गच्चीवर आवाजांचे खेळ: काय खेळावं, कसं रेकॉर्ड करावं?

गच्चीवाली:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात, जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. दर कोजागिरीला मसाला दूध, अंताक्षरी, तंबोला. यंदा पोरांनी फर्मान काढलंय, अंताक्षरी बंद. मला वाटतंय सगळ्यांनी मिळून काहीतरी चित्रविचित्र आवाज काढावेत आणि ते रेकॉर्ड करावेत. माणसं वीसेक, पहिलीतल्या पोरीपासून पंच्याहत्तरीच्या आजींपर्यंत. गाणारं कुणी नाही. सामान म्हणजे फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर. परवा घरी करून पाहिलं तर पोरांनी डबे बडवले आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता मासळीबाजार. काय करता येईल?

शिबिरकर:
आधी कागदाचा खेळ घ्या. गोल बसायचं आणि एक कागद हातोहात फिरवायचा, अजिबात आवाज न करता. कॅनडाचे संगीतकार मरे शेफर हा खेळ वर्गात घेत. आमच्या शिबिरात पोरं इतकी चिडीचूप होतात की शेजारच्या बिल्डिंगमधला मिक्सर ऐकू येतो. दुसऱ्या फेरीत तोच कागद प्रत्येकाने वेगळा वाजवायचा. फाडा, चुरगळा, फुंका. आधी कुणी काढलेला आवाज बाद.

विंगेतली मावशी:
कागद झकास. पण गच्चीवाली, तुझा मासळीबाजार झाला कारण सगळे फोनपासून सारख्याच अंतरावर होते. राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांना ध्वनिपरिणाम देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, करवंट्यांचे घोडे आणि पत्र्याचा गडगडाट. तेव्हा माझं ऐक: मिक्सिंग पायांनी करायचं.

फोन मधोमध स्टुलावर ठेव, खाली जाड टॉवेलची घडी. भोवती खडूने तीन वर्तुळं काढ: एक हातावर, तीन हातांवर आणि तिसरं पार कठड्यापाशी. ज्याचा आवाज पुढे हवा त्याने आत यायचं, काम झालं की मागे सरकायचं. चालत चालत वाजवलं तर आणखी मजा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात, तिथे एवढा फरक कळत नाही, म्हणून गच्ची सोडू नकोस. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास आलं. त्याआधी गाणारा भोंग्याच्या तोंडाशी आणि दणकट वाद्यं लांब, अशाच तबकड्या भरत. नभोनाट्यातलं पात्र निघून जातं तेव्हा नटसुद्धा बोलत बोलत माइकपासून लांब होतो, बस्स.

वाजवायला प्रत्येकाने घरातून एकच वस्तू आणायची. किसणी, उलथणं, चणे भरलेली बाटली, काहीही. आजींना मात्र स्टीलची थाळी दे. थाळीच्या काठाला भोक असेल तर सुतळी ओवायची, नसेल तर दोन बोटांत काठ हलकेच धरायचा. लाकडी डावाने एक टोला द्यायचा आणि नाद घुमत असतानाच थाळी पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवायची. स्वर खाली घसरत जातो, बाहेर काढली की परत चढतो. थरथरणाऱ्या थाळीला आता पाणीही हलवावं लागतं म्हणून ती मंदावते. हे एकदा ऐकलं की पोरं डबे विसरतील.

आणि कंडक्टर पहिलीतली पोर. गच्चीवरचे दिवे बंद, तिच्या हातात टॉर्च. ज्याच्यावर उजेड त्याने वाजवायचं, उजेड हलला की थांबायचं. तीन मिनिटं पुरे. मोठ्यांनी तिला सूचना करायच्या नाहीत, हे आधीच बजाव. करतातच मेले.

तालमणी:
मावशी, सूर नाही, ताल नाही. याला संगीत कशाला म्हणायचं?

विंगेतली मावशी:
नको म्हणूस, वाजवायला तर ये! आणि ही काही नवी थेरं नाहीत. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) बसवला आणि गीता साराभाई, अतुल देसाई अशा आपल्याच मंडळींनी तिथे टेपवर प्रयोग केले. तुला सूरच हवा असेल तर अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोसचा खेळ घे. एका श्वासात मनातला कुठलाही स्वर लावायचा, पुढच्या श्वासाला दुसऱ्या कुणाचा तरी ऐकून तोच लावायचा, मग कुणीच लावला नसेल असा नवा. वीस जण न ठरवता जे उभं करतात ते तानपुऱ्याच्या पंगतीला बसतं.

जिनाप्रेमी:
लिफ्ट नाही म्हणालात, म्हणजे दगडी घुमणारा जिना आहे! तिथे अमेरिकन संगीतकार आल्विन लुसिएचा प्रयोग करा (मूळ १९६९ चा). जिन्यात कुणीतरी चार वाक्यं बोलायची, एका फोनवर रेकॉर्ड करायची. ती स्पीकरवर लावून त्याच जिन्यात दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायची. मग ते दुसरं रेकॉर्डिंग वाजवून पुन्हा पहिल्या फोनवर. असं करत राहा. ज्या कंपनांना जिना दाद देतो ती दर फेरीत वाढतात, बाकीची मरतात. शेवटी शब्द विरघळून नुसती घंटेसारखी गुणगुण उरते. रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाज 'सुधारणारी' सोय असेल तर बंद करा, ती नेमकी हीच गुणगुण कचरा समजून पुसते.

गच्चीवाली:
जिन्यात उद्याच करून बघते. थाळीसाठी बादल्या दोन ठेवू का? आणि वाऱ्याचं काय, गच्चीवर फोनमध्ये नुसतं फुरफुर येतं.

विंगेतली मावशी:
ठेव दोन, एक भरलेली आणि एक अर्धी. वाऱ्यासाठी फोनवर धुतलेला लोकरी मोजा चढव आणि स्टूल पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ने. रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हॉइस मेसेज करून नको, पार चोथा होतो. आणि तो फोन आधी एअरप्लेन मोडवर टाक. थाळी अगदी रंगात आली की हटकून पर्सनल लोनवाल्या बाईंचा कॉल येतो.