वजन उतरवायला सायकल की ताट?

डोणजेफाटा: रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी रागावू नये, पण वजन सायकलीने उतरत नाही, ताटाने उतरतं. हिशेब करा. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतची चढण साधारण 600 मीटर. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर तेवढं ओझं वर न्यायचं काम 500 किलोज्यूल. पायडल मारताना शरीराच्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे घाटाला खर्च 500 कॅलरींच्या आसपास. आणि वर पोचल्यावर? कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही! एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. करा भागाकार.

बिनगिअरची: भागाकार बरोबर, निष्कर्ष चूक. आठवड्यातून एकदा गडावर जाऊन फोटो टाकणाऱ्यांचा हिशेब सगळ्यांना का लावता? मी कोथरूडहून हिंजवडीला सायकलनेच जाते. जाऊन-येऊन कंजूषपणे धरले तरी 500 होतात, तेही रोज. नुसतं ताट कमी करणाऱ्यांची चरबीबरोबर स्नायूही झडतात, त्याचं काय?

डोणजेफाटा: शरीर एवढं भोळं नाही हो. टांझानियातल्या हाड्झा लोकांवर मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी 2012 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. शिकारीसाठी, कंदमुळांसाठी दिवसभर पायपीट करणारी माणसं. पण शरीराच्या आकारमानाचा विचार केला तर त्यांचा दिवसाचा एकूण कॅलरींचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. व्यायाम वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं.

पेन्शनर: ते हाड्झा लठ्ठ नसतात, हे सांगायचं राहिलं का? काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. मला मधुमेह आहे. व्यायाम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. हे काम कमी जेवून होत नाही.

बिनगिअरची: काका, अगदी! खरा घोळ आहे तो कोऱ्या चहावर खडकवासला गाठायच्या फॅशनमध्ये. जोरात दोन-एक तास चालवली की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत येतं, पायांत गोळे आणि डोळ्यांपुढे अंधारी. मग घरी येऊन हाताला लागेल ते खायचं. त्यापेक्षा निघताना केळं खा.

चेनऑइल: एका तासाच्या फेरीला केळंही नको, पाणी पुरे. लोक त्याच एका तासासाठी स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली रिचवतात; अर्ध्या लिटरमध्ये 30 ग्रॅमच्या आसपास साखर. आणि पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनो, ते बहुतेक पाणी आहे. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं.

डोणजेफाटा: बघा, आता तुम्ही सगळेच खाण्यावर बोलताय.

बिनगिअरची: खाण्यावर बोलणं वेगळं, उपाशी राहणं वेगळं. तुम्ही पोळ्या चारवरून दोनवर आणा, आम्ही सायकलही चालवू आणि उसळीची वाटी मोठी करू. सहा महिन्यांनी कमरेची मापं इथेच टाका.

डोणजेफाटा: मंजूर. फक्त मापं पेन्शनरकाकांच्या टेपने.