नागपूरहून गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंग, तयारी कशी करावी?

धरमपेठ_ट्रेकर
नमस्कार मंडळी, आम्ही चार मित्र येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन राहिलो. चौघांचा बेसिक अन इंटरमिजिएट कोर्स झालाय, तयार केलेल्या स्लोपवर आरामात उतरतो. यावेळी गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यानं वर अफरवट डोंगरावर जाऊन बाजूच्या मोकळ्या, तयार न केलेल्या बर्फात (बॅककंट्री) उतरायचं डोक्यात आहे. आईनं हिमस्खलनाचे व्हिडिओ पाहिले तेव्हापासून रोज विचारते, काहून जाता बाप्पा तिकडं. सामान काय घ्यावं, आणि इथं नागपुरात बसून काय तयारी होऊ शकते?

हिमरेषा
आईची काळजी बरोबर आहे, आधी ते मान्य करा. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गलाच एक रशियन गेला. तुम्ही जाताय तोच महिना. स्की पेट्रोलवाल्यांच्या (गस्त घालणाऱ्या पथकाच्या) हद्दीची दोरी ओलांडली की पुढं तुमचं तुम्हीच.

ताजा बर्फ पडला अन वारा सुटला की वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला जाड थर साचतो, खालचा थर कच्चा असला तर एका माणसाच्या वजनानंही वरचा अख्खा थर पाट्यासारखा सुटतो. 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे आणि स्कीइंगला नेमके तेच सगळ्यांना आवडतात. वादळानंतर पहिलं ऊन पडलं की सगळे वर धावतात, तुम्ही तेव्हा थांबा. पहिल्या वर्षी लोकल गाईडशिवाय दोरीपलीकडे पाऊल नको, अन गाईड हो म्हणाला तरी सकाळचा हिमस्खलनाचा इशारा स्वतः विचारून घ्या. उतार एकेकानं उतरायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

सामानात प्रत्येकाकडे बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून पाहायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, चौघांत दोन सेट असं चालत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत निघाला तर वाचायची शक्यता भरपूर असते, अर्धा तास गेला की ती फार उतरते. तेवढ्यात खालून मदत पोचणं कठीण, शोधणारे उरलेले तिघंच.

आणि याची प्रॅक्टिस नागपुरात होते. कन्हान नदीच्या कोरड्या वाळूत बीकन चालू करून डब्यात घालून पुरा, शोधणाऱ्यानं पाठ करून उभं राहायचं, मग घड्याळ लावून शोध. स्क्रीनवर अंतराचा आकडा तीन मीटरच्या आसपास आला की धावणं बंद, बीकन जमिनीलगत आणून आडवं-उभं हळू सरकवा, सगळ्यात लहान आकडा येईल तिथून प्रोब टोचायला घ्या, वीतभर अंतर ठेवत गोल वाढवत न्या. लागला की प्रोब तसाच राहू द्या. खोदायचं थेट वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूनं आत शिरत, आणि फावडं आलटून पालटून, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो. शोधताना फोन बीकनपासून निदान 50 सेंटिमीटर दूर ठेवा, त्यानं सिग्नल बिघडते.

सेमिनरी_हिल्स_रनर
उंचीचं कोणी बोललं नाही. नागपूर 310 मीटरच्या आसपास, गुलमर्ग 2650, आणि गोंडोला एका सकाळीच जवळजवळ 3950 वर नेऊन सोडतो. पहिला दिवस खालीच काढा. डोकं दुखून मळमळत असेल तर वर जाऊच नका, अन त्रास वाढत असेल तर खाली उतरा, गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरला इथूनच विचारून जा. पायांसाठी रामटेकच्या पायऱ्या पाठीवर थोडं वजन घेऊन करा, चढण्यापेक्षा हळूहळू उतरण्यावर जोर द्या, स्कीइंगमध्ये मांड्या तशाच भरतात.

सक्करदरा_बॅकपॅकर
बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. सॅटेलाइट मेसेंजर चुकूनही नेऊ नका, परवान्याशिवाय तो भारतात बेकायदा आहे. एअरबॅग (हिमस्खलनात फुगणारी पाठपिशवी) घेत असाल तर सिलिंडरचं विमान कंपनीला आधीच विचारा. आणि इन्शुरन्सच्या कागदात ऑफ-पिस्ट (तयार स्लोपबाहेरचं) स्कीइंग कव्हर आहे का ते वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत नसते.

धरमपेठ_ट्रेकर
खूप आभार. एक मित्र म्हणून राहिला की बीकन तिथंच भाड्यानं घेऊ, मग इथं वाळूत कशाला झंझट. त्याला काय सांगू?

हिमरेषा
भाड्यानं घ्या, हरकत नाही, सगळ्या कंपन्यांचे बीकन 457 किलोहर्ट्झवरच चालतात. पण बटणं त्याच सकाळी पहिल्यांदा दाबायची वेळ येऊ नये, म्हणून इथं कोणाकडून तरी दोन मागून आणा आणि चौघांनीही करा, त्यानं तर आधी, कारण गाडले गेलेले तुम्ही असाल तर शोधणारा तोच असणार आहे. तिथं अल्कलाइन सेल नवे टाका, रिचार्जेबल नको. रोज निघताना एकानं पुढं जाऊन बीकन सर्चवर (सिग्नल पकडायला) ठेवून उभं राहायचं, बाकीचे सेंडवर (सिग्नल सोडायला) ठेवून एकेक करून त्याच्या जवळून जातील, मग त्याचाही सेंड कोणीतरी तपासायचा. ज्याचा सिग्नल येत नाही तो त्या दिवशी वर जात नाही, हे चौघांत आत्ताच ठरवून टाका.