सोन्यात मढलेल्या राजाला 'घरी बसवा' म्हणणाऱ्यांसाठी

किनारा
परवा या मंचावर 'रोखठोक' यांनी घानातल्या कुमासीच्या राजाच्या अक्वासिदाए या दरबारी सोहळ्याचा फोटो टाकला. भल्यामोठ्या छत्र्या, मनगटांत सोन्याचे जाड गोठ, पुढे ढोल. खाली लिहिलं होतं, "आपण १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद करून हा प्रश्न मिटवला. घानावाले अजून एका माणसाला सोन्यात मढवून मिरवतात आणि वर लोकशाही म्हणवतात. घरी बसवा त्याला." धडाधड अंगठे पडले. मी कुमासीत औषधांच्या घाऊक व्यापारात सहा वर्षं काढली आहेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आधी नावाचं. आपले पेपर 'अशांती' छापतात. ते लोक स्वतःला असान्ते म्हणतात आणि त्यांच्या राजाला असान्तेहेने. सध्याचे ओसेई तुतू दुसरे १९९९ पासून आहेत. मी 'गादीवर' लिहिणार होतो, पण तिथे गादी नसते, आसन असतं. लाकडी, खाली सपाट, वर चंद्रकोरीसारखं वाकलेलं. आपल्याकडे घरोघरी पाट असायचे तसं.

राष्ट्राचं आसन मात्र सोन्याचं. सिका द्वा कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन. १७०१ मध्ये शेजारच्या देन्कायरा राज्याचं जोखड झुगारलं त्या सुमारास पुरोहित ओकोम्फो अनोचे याने ते आकाशातून उतरवलं आणि पहिल्या ओसेई तुतूच्या मांडीवर आणलं, अशी त्यांची श्रद्धा. सगळ्या असान्तेंचा जीव त्यात आहे असं मानतात. आणि फोटो बघणाऱ्याची गल्लत इथेच होते. त्या आसनावर राजा बसत नाही. कोणीच बसत नाही. त्या आसनालाच स्वतःची वेगळी खुर्ची असते. नव्या राजाला विधीत त्याच्यावर तीनदा खाली नेतात, पण टेकू देत नाहीत.

१९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसन कुमासीत येऊन विचारता झाला की ते आसन मला बसायला का आणलं नाही. त्यावरून युद्ध पेटलं. पुढे होती एजिसूची राणीमाता, याआ असान्तेवा. हरली, सेशेल्सला हद्दपार झाली, १९२१ मध्ये तिथेच गेली. आसन मात्र इंग्रजांच्या हाती लागलं नाही.

राजाचं पद थोरल्या मुलाला आपोआप मिळत नाही. वारसा आईकडून चालतो. राणीमाता, असान्तेहेमा, ओयोको कुळातल्या पात्र पुरुषांतून नाव सुचवते आणि ते नाव मान्य करायचं की परत पाठवायचं हे बाकीचे मुखिया ठरवतात. चुकला तर उतरवतात. कोफी कारिकारीला १८७४ मध्ये उतरवलं. आरोप काय, तर पूर्वजांच्या समाधीतलं सोनं काढलं. मेन्सा बोन्सूला १८८३ मध्ये. पायातल्या चपला काढून घ्यायच्या आणि अनवाणी पाय जमिनीला लावायचे, की संपला राजा.

आणि तनख्याशी तुलना कशी करता? आपल्या संस्थानिकांना केंद्र सरकार पैसे देत होतं, म्हणून घटनादुरुस्तीने ते थांबवता आले. घानाच्या १९९२ च्या घटनेत मुखियापदाची हमी आहे आणि मुखियाला मान्यता देण्याचा किंवा ती काढण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा संसदेला करताच येत नाही. त्याच घटनेत हेही आहे की मुखियाने पक्षीय राजकारण करायचं नाही. खासदारकी हवी असेल तर आधी आसन, म्हणजे मुखियापद, सोडा. आपल्याकडच्या राजघराण्यांना हा नियम लावून बघा.

रोखठोक
लांबलचक लिहिलंत म्हणून ते खरं होत नाही. मी जहाजावर होतो, २०१७ मध्ये ताकोराडी बंदरात आठ दिवस थांबलो होतो. एल्मिनाचा किल्ला बघायला गेलो. तळघरात हवा नाही, दाराची फट एवढीशी. तिथून माणसं जहाजात भरली. त्यातली कित्येक कुठून आली? तुमच्या असान्ते राजांनी लढाईत पकडून बंदुकांच्या बदल्यात विकलेली. त्या गोठांतलं सोनं कोणत्या पैशाचं? राजाच्या अंत्यविधीला माणसं मारायचे, ते नाही लिहिलंत. १८७४ च्या तहात इंग्रजांना ते थांबवण्याचं कलम घालावं लागलं.

शिवाय १९३५ साली राजपद परत कोणी दिलं? इंग्रजांनीच. मुखियांच्या हातून राज्य चालवणं त्यांना सोयीचं होतं. तुम्ही ज्याला परंपरा म्हणता ती साहेबाची सोय आहे.

शेवंती
मला वारशाबद्दल बोलायचंय. "वारसा आईकडून चालतो" वाचून इथे काही जणांना लगेच स्त्रीराज्य दिसायला लागेल. राजधानी आक्राला माझ्या शेजारी एक असान्ते बाई होत्या. नवरा गेला आणि आठवड्याच्या आत नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा घराच्या किल्ल्या मागायला आला. कारण त्या पद्धतीत वारस भाचा. मुलं बापाच्या कुळातली नाहीतच. १९८५ मध्ये कायदा झाला म्हणून विधवेला आणि मुलांना हिस्सा मिळायला लागला. त्या बाई कागद घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा किल्ल्या वाचल्या. मी त्यांच्यासोबत दोनदा कोर्टात गेले आहे.

तरीही किनारा म्हणतात ते एक खरं. राणीमाता शोभेची नसते. सभेत राजाला तोंडावर चुकलास म्हणायचा हक्क तिचा. आपल्याकडे कोणत्या राजमातेला तो रिवाजाने मिळाला होता?

हिशेबनीस
तुम्ही सगळे सोन्याबद्दल बोलताय. जमिनीबद्दल बोला.

माझा लाकडाचा धंदा होता, कुमासीपासून तासाभरावर. परदेशी माणसाला घानात जमीन विकत मिळत नाही, पन्नास वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मिळतो. तो बहुतेक ठिकाणी गावच्या मुखियाकडून. आधी 'ड्रिंक्स' द्यायचे. पूर्वी खरंच दारूची बाटली असायची, आता पाकीट. मी दिलं. आठ महिन्यांनी दुसरा माणूस त्याच जागेचा कागद घेऊन आला, सही त्याच मुखियाची. मी यंत्रं उतरवली होती. दोन वर्षं गेली. कुठल्या निवडणुकीत पाडणार त्याला?

घटनेप्रमाणे आसनाच्या, म्हणजे मुखियापदाकडच्या, जमिनीच्या उत्पन्नातून दहा टक्के सरकारी कार्यालयाचे, उरलेल्यातले ५५ टक्के जिल्हा सभेला, २५ आसनाला, २० पारंपरिक परिषदेला. पाकीट या हिशेबात येतच नाही. सोन्याच्या बेकायदा खाणींनी नद्या गढूळ करून टाकल्यात, त्यातही काही मुखियांची नावं येतात. किनारा यांनी औषधं विकली, जमीन घेतली नाही, म्हणून इतकं प्रेम.

किनारा
हिशेबनीस, औषधं विकली म्हणून गावागावांत फिरलो, पाकिटांचं मलाही माहीत आहे. तुमच्यावर झाला तो अन्यायच. पण तो मुखिया आणि असान्तेहेने एक नव्हेत. जागा कुमासीच्या आसनाखालची होती का? असेल तर असान्तेहेनेच्या मानहिया राजवाड्यात तक्रार का नेली नाही? तिथे पारंपरिक न्यायसभा बसते, राजाशी थेट न बोलता ओचिआमेच्या, म्हणजे राजाच्या प्रवक्त्याच्या तोंडून बोलायचं असतं. ओसेई तुतू दुसऱ्यांनी आल्या आल्या जमिनीचे आणि मुखियापदाचे दावे कोर्टातून काढून तिथे आणा म्हणून सांगितलं होतं. खाणींच्या प्रकरणात त्यांनी काही मुखियांना उतरवलंही आहे.

रोखठोक, गुलामांचा व्यापार खरा. मी तो टाळला, चूक झाली. पण समोर किल्ला कोणत्या गोऱ्यांचा होता तेही लिहा. १९३५ बद्दल: दिलं म्हणण्यापेक्षा परत केलं म्हणा. प्रेम्पेह पहिल्याला १८९६ मध्ये आईसकट पकडून नेलं, पुढे सेशेल्सला ठेवलं, १९२४ मध्ये खासगी नागरिक म्हणून परत आणलं. अठ्ठावीस वर्षं राजा देशात नव्हता आणि लोक विसरले नाहीत. ही साहेबाची सोय?

सातारचा
आमच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं, ते १८४७ मध्ये तिथेच वारले. प्रेम्पेह निदान परत आला.

पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितोय. किनारा, मे २०२४ मध्ये मानहिया राजवाड्याच्या संग्रहालयात इंग्लंडहून आलेल्या ३२ वस्तू मांडल्या ना? लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या १५ आणि तिथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या १७. त्यातल्या बऱ्याच लुटीच्या, १८७४ ला कुमासी जाळलं तेव्हापासूनच्या. तीन वर्षांच्या उसनवारीवर! चोराने मालकाला उसनं द्यायचं? आणि त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने जुलै २०२४ मध्ये आमच्या साताऱ्याला वाघनखं दिली. तीही तीन वर्षांसाठीच. एकच दुकान, एकच पावती.

रोखठोक
वाघनखं मध्ये आणू नका. असान्तेंचा माल लुटलेला होता याचे कागद आहेत. वाघनखं ग्रँट डफला भेट मिळाली असं त्या पेटीवरच लिहिलंय. आणि अफझलखानाच्या वेळची तीच ती, याला पुरावा नाही असं ते संग्रहालय स्वतः सांगतं.

सातारचा
मी माझ्या आईला घेऊन रांगेत उभा होतो. ती ७८ वर्षांची. काचेसमोर हात जोडून उभी राहिली. तिला पुराव्याचं सांगायला जाता का? आणि भेट कसली, १८१८ ला राज्य बुडवून साताऱ्यात रेसिडेंट म्हणून बसलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार होतं?

रोखठोक
आईंबद्दल आदर आहे. पण हात जोडले म्हणून वस्तू खरी ठरत नाही.

शेवंती
मग आकाशातून उतरलेलं आसन कसं खरं ठरतं? त्यासाठी १९०० मध्ये माणसं मेली. खरी-खोटी ठरवायचा निकष दोन्हीकडे एकच लावा की.

सातारचा
हेच म्हणतोय!

रोखठोक
तुम्ही दोघं मिळून अंगावर येताय. मी शिवरायांच्या विरोधात एक अक्षर लिहिलेलं नाही, उगाच तसा वास लावू नका. १० नोव्हेंबर १६५९ मलाही पाठ आहे. माझा मुद्दा एवढाच, की उसनवारी घेणारा सही करतो तेव्हा मालकी कबूल करतो. ती सही आपण केली आणि असान्तेंनीही केली.

किनारा
आता मूळ विषयाला लागणारं सांगतो. त्या ३२ वस्तूंचा करार घानाच्या सरकारशी झाला नाही. असान्तेहेनेशी झाला. इंग्लंडच्या कायद्याने त्या संग्रहालयांना आपल्या वस्तू कायमच्या देणं जवळजवळ बंद आहे, आणि सरकारने अशी सही केली असती तर देशाने मालकी सोडल्यासारखं झालं असतं. राजाने केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने सात वस्तू उसन्या नाही, कायमच्या परत केल्या. त्याही राजालाच. कुमासी लुटल्याला तेव्हा दीडशे वर्षं झाली होती.

त्या दिवसांत मी तिथे होतो. माझ्या गोदामातला हमाल पांढरे कपडे घालून आला, अर्धी सुट्टी मागितली. म्हणाला, "नानांच्या तलवारीला भेटायला जायचंय." तिथे राजालाही नाना म्हणतात आणि आजी-आजोबांनाही. मी त्याला पूर्ण दिवस दिला.

घरी बसवलेला माणूस हे करू शकला नसता. उत्तर घानातल्या दागबोन राज्याचंही तसंच. तिथला, येंदीचा, राजा २००२ मध्ये मारला गेला, तो तंटा सतरा वर्षं चिघळला. सरकारं आली नि गेली. शेवटी असान्तेहेने आणि उत्तरेतले दोन मोठे राजे यांच्या समितीने मार्ग काढला, जानेवारी २०१९ मध्ये नवा या-ना, म्हणजे दागबोनचा राजा, बसला.

हिशेबनीस
दागबोन मान्य. ते काम मोठं होतं, त्या काळात मी तिथेच होतो, उत्तरेकडून लाकडाची गाडी आणताना पोटात गोळा यायचा. तेवढं श्रेय घ्या.

पण "मानहियात का नेलं नाही" हे तुम्ही फार सहज विचारलंत. नेलं होतं. दुसऱ्या तारखेला मुखिया आजारी, तिसरीला अंत्यविधी. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली. न्यायसभा चांगली असेल, तिथल्या तारखा गावात राहणाऱ्याला परवडतात.

किनारा
हे मला माहीत नव्हतं. माझा प्रश्न मागे घेतो.

रोखठोक
फोटोखालची "घरी बसवा" ही ओळ काढतो. पद कसं मिळतं आणि कसं जातं हे मला ठाऊक नव्हतं, ते कबूल. एल्मिनाबद्दल लिहिलं त्यातला शब्दही मागे घेणार नाही, आणि पाकिटाबद्दल हिशेबनीसांच्या बाजूने आहे. सातारकर, आईंना माझा नमस्कार सांगा. वाघनखांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

सातारचा
सांगतो. २०२७ ला दोन्हीकडची मुदत संपते. असान्तेंच्या करारात आणखी तीन वर्षं वाढवायची सोय आहे. आपल्या करारात आहे का, कोणी नीट वाचलाय?