मदत हवी आहे: आदल्या रात्री करून ठेवता येईल असे शाकाहारी-मांसाहारी जेवण

रविवारी दुपारी चौदा पाहुणे जेवायला येणार असून त्यांपैकी सहा जण पूर्ण शाकाहारी आहेत. सकाळी हाताशी जेमतेम तासभर असल्यामुळे भात सोडून बाकीचा स्वयंपाक शनिवारी रात्रीच उरकावा लागेल. कांदा-टोमॅटोचे एकच वाटण परतून त्याचे दोन भाग करावेत आणि एकात चिकन, तर दुसऱ्यात काबुली चणे शिजवावेत, असा विचार आहे. चिकनचा रस्सा मुरल्यावर उलट अधिक चांगला लागतो. पण मागच्या वेळी चण्यांचा रस्सा सकाळपर्यंत इतका आळला की त्यात डाव उभा राहत होता, आणि गरम करताना पाणी घातल्यावर चव पार फिकी पडली. यावर उपाय काय?

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवे, मात्र मोठे पातेले तेवढ्या वेळात निवत नाही. पसरट भांड्यांत काढून ठेवणे पुरेसे होईल का? शाकाहारी पदार्थांचे डाव, झाकणे आणि भांडी वेगळी ठेवणारच आहे (एकच डाव दोन्हीकडे फिरला की सगळे मुसळ केरात). सर्वांना चालेल आणि थंडच वाढता येईल असा एखादा शाकाहारी पदार्थही कृपया सुचवावा.